उजवीकडून पहिला खाना

हैदराबादहून आलेलं जाडजूड पाकीट महालिंगप्पांच्या दुकानात पोचलं तो नेमका बाजाराचा दिवस होता. त्यामुळं ते आधी अख्ख्या गावानं पाहिलं आणि मग जिच्या नावाचं होतं तिनं. टपाल आणणाऱ्या धोंडीबानं ते वर धरून सगळ्या बाजूंनी फिरवलं. त्यावर सरकारी मोहोर होती, आणि जळकोटात सरकारी मोहोर म्हणजे कुणाच्या तरी मागं लागलेलं लचांड, असाच आजवरचा अनुभव.

"अप्पा, जप्ती न्हाय न्हवं?" धोंडीबानं काळजीनं विचारलं.

"जप्ती आसती तर तू आसा हासत आला आसतास व्हय?" महालिंगप्पा तुरीच्या पोत्यावरून उठत म्हणाले. "आण हिकडं. पोरीचं पुस्तक हाय. कालेजाचं."

तूर घ्यायला आलेली माणसं तूर विसरली. पोरीचं कॉलेज, ते पण हैदराबादला! एकानं तर "कशाला?" असं सरळच विचारलं. महालिंगप्पांनाही त्याचं उत्तर नीट देता आलं नसतं. कारण खरं कारण चारचौघांत सांगण्याजोगं नव्हतं.

जगदेवी ही त्यांची एकुलती एक लेक. सोलापूरला शिवकांता आत्याच्या घरी मूलबाळ नव्हतं, म्हणून सोबतीला तिला लहानपणीच तिकडं धाडली होती. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, जळकोट निजामाच्या. मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. तिकडं आत्यानं तिला मुलींच्या मराठी शाळेत घातली ती थेट मॅट्रिक करूनच परत पाठवली. पोर आली ती एक हट्ट गाठीला बांधून आली. तिला डॉक्टर व्हायचं होतं.

या हट्टाचं मूळ घरातच होतं. गंगम्मा, म्हणजे जगदेवीची आई, कितीतरी वर्षं पोटाच्या दुखण्यानं हैराण होती. सबंध भागात बायकांना तपासणारी बाई डॉक्टर नव्हती. मग रीत काय, तर बाईनं आपलं दुखणं लाजत लाजत नवऱ्याला सांगायचं, नवऱ्यानं त्यातलं निम्मं गिळून डॉक्टरला सांगायचं आणि डॉक्टरनं उरलेल्या निम्म्यावर औषध द्यायचं. त्या औषधानं दुखणं बरं झालं असतं तरच नवल! आत्यानं मात्र एकदा गंगम्माला सोलापूरच्या मिशनमधल्या बाई डॉक्टरकडं नेलं. त्या बाईनं दार लावून घेतलं, हात धरून सगळं विचारलं, आणि गंगम्मा बाहेर आली ती पदरानं डोळे पुसत. "जगा, माजं आज कुनीतरी ऐकलं गं," एवढंच ती म्हणाली. जगदेवीनं त्या दिवशीच मनाशी ठरवून टाकलं.

महालिंगप्पांनी हो-ना करत एक अट घातली. "डाक्टरी आसंल तर हैदराबाद. मी सवता नेऊन सोडीन. पन नुसतं बुकं वाचायला एवढ्या लांब न्हाय. डाक्टरी जमंना तर अक्कलकोटची मानसं बघायला येतो म्हनत्यात, त्यांना मग हो म्हनायचं."

"कबूल, अप्पा," जगदेवी म्हणाली. अटीत हरण्यासारखं काही आहे असं तिला तेव्हा वाटलंच नाही.

हैदराबादच्या त्या बायकांच्या कॉलेजात संस्थानच्या रयतेला जागा मिळत होत्या, बोर्डिंगची सोयही होती. अडचण एकच होती. शिकवणं सगळं उर्दूतून, आणि मराठी शाळेतून आलेल्या मुलीला आधी उर्दूचा एक पेपर पास व्हावा लागे. जगदेवीला उर्दू बोललेलं सगळं कळे, जळकोटात कुणाला कळत नाही? पण वाचायच्या नावानं पूज्य. तेव्हा तिच्या मदतीला आल्या फरिदाबी.

फरिदाबी म्हणजे नाक्यावरचे कारकून शब्बीरमियाँ यांच्या बीबी. जन्म हैदराबादचा, पडदा लावलेल्या बंडीतून शाळेला जाऊन शिकलेल्या. लग्न होऊन जळकोटात आल्या तेव्हा पेटीत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त निघाली म्हणून सासू महिनाभर रुसली होती. एवढी शिकलेली बाई, पण इथं त्यांच्याशी पुस्तकाबद्दल बोलणारं कुणी नव्हतं. जगदेवी पाटी घेऊन अंगणात आली तशा त्या अशा खुलल्या की पहिल्या दिवशी शिकवण्यापेक्षा खाऊ घालण्यातच वेळ गेला.

सगळा उन्हाळा जगदेवी त्यांच्या लिंबाखाली बसून अलिफ-बे गिरवत होती. ती त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. खालांची शिकवायची तऱ्हा ठरलेली. पोरीचं बोट अक्षराखाली असलंच पाहिजे. जरा उचललं की त्या ते पुन्हा जागेवर ठेवायच्या. "अक्षर पळून नाही जात, बेटी. ठेव बोट." तोंडानं त्या रागवायच्या आणि डोळ्यांनी हसायच्या. उन्हाळा सरेपर्यंत जगदेवी वाचायला लागली. अडखळत का होईना, पण आपल्या आपण.

तर कॉलेजचं माहितीपुस्तक आणि कोरा अर्ज घेऊन पाकीट आलं ते अशा वेळी. खाला आणि शब्बीरमियाँ भाचीच्या लग्नाला बीदरला गेलेले होते. अर्ज सरकारी अमरदाद महिना संपायच्या आत हैदराबादला पोचायला हवा होता, आणि महिना संपत आला होता.

"शाळंतल्या मास्तरांकडं जाऊ का घिऊन?" महालिंगप्पांनी विचारलं.

"कशाला? मला येतंय की वाचायला," जगदेवी म्हणाली. पोरगी गुणी होती, पण नव्यानं वाचायला आलेल्या माणसाला जो एक ताठा येतो तो तिलाही आला होता. शिवाय खाला परत आल्यावर 'मी सगळं एकटीनं वाचलं' असं सांगून त्यांना चकित करायचं, हा बेतही मनात होता.

ती माडीवर जाऊन बसली. पुस्तकात सुरुवातीला नियम होते, मग कला शाखेचे विषय होते. तिनं ती पानं सोडून दिली, कारण तिला हवा होता 'साइंस' हा शब्द. तो सापडला तसा तिचा जीव हरखला. पानावर आखीव तक्ता होता. दोन उभे खाने, त्यांत विषयांची नावं आणि प्रत्येक नावापुढं त्या विषयाचे आठवड्याचे तास. पहिल्या सालाचे विषय आणि दुसऱ्या सालाचे विषय, हे तिनं बरोबर ओळखलं. कुठल्या खान्याला काय म्हणायचं ते मागच्याच पानावर, कला शाखेच्या तक्त्याच्या डोक्यावर छापलं होतं. ते पान तर ती सोडून आली होती.

तिनं बोट ठेवलं. नीट, खालांनी सांगितल्यासारखं ठेवलं. आणि ज्या खान्यापासून ती आयुष्यभर प्रत्येक तक्ता वाचत आली होती, अंकगणितातला, भूगोलातला, आत्याच्या भिंतीवरच्या पंचांगातला, त्याच खान्यापासून सुरुवात केली. डावीकडच्या.

नावं भारदस्त होती, वाचता येत होती पण कळत नव्हती. मात्र प्रत्येकावर बारीक तारा छापलेला होता. ताऱ्याचा अर्थ तक्त्याच्या खाली दिला होता. तो तिनं शब्द शब्द जुळवून लावला: ज्या विषयावर तारा आहे, तो आधीच्या खान्यातल्या विषयांत पास झालेल्यालाच घेता येईल.

जगदेवीनं मान वर केली. आधीचा खाना? याच्या आधी तर कागदाची कड होती.

तिनं पुन्हा पुन्हा वाचलं. दर वेळी शब्द बरोबर लागले आणि अर्थ तोच निघाला. म्हणजे हैदराबादच्या शाळांतून मुली काहीतरी आधीच शिकून येत असणार, तोच तो 'आधीचा खाना'. ते केलेलं नसेल त्या मुलीला पहिल्याच सालात दार बंद. उजवीकडच्या विषयांवर तारे नव्हते, तेही तिला पटलं. एकदा आत गेल्यावर पुन्हा पुन्हा कोण अडवतंय? पाया चुकीचा आणि त्यावर घर मात्र असं ओळंब्यात बांधलं की कुठं बोट ठेवायला जागा राहिली नाही.

संध्याकाळी ती खाली आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. महालिंगप्पा दुकान आवरत होते.

"अप्पा, जमत न्हाय. तिथं आधीच काय काय शिकलेलं लागतंय. ते सोलापूरला शिकवत न्हाईत."

"नीट वाचलीस?"

"नीट वाचलं."

महालिंगप्पांना वाईट वाटलं आणि हलकंही वाटलं. दोन्ही एकदम वाटल्यामुळं ते तराजूची पारडीच पुन्हा पुन्हा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "मग सोमवारी अक्कलकोटला निरोप धाडू?"

"धाडा," जगदेवी म्हणाली. ती शब्दाला पक्की होती, हाच तिचा घात होता.

आत चुलीपुढं गंगम्मानं सगळं ऐकलं.  रात्रभर तिचा डोळा लागला नाही आणि लेकीचाही नाही, हे दोघींनाही माहीत होतं. सकाळी मात्र ती उठली ती एका निश्चयानं.

"फरिदाबी काल आल्या म्हनं बीदरहून. शिकवनी बंद करायची तर अशी न्हाय करायची, जगा. उनातानात त्यांनी शिकवलं. एक आना घेतला न्हाय. त्यांची वटी भरून यायची, पाया पडून यायचं, मग काय ते."

"अव्वा, मला न्हाय जावंसं वाटत. काय तोंड दावू?"

"हाय तेच दाव. गुन मानायला वायलं तोंड लागत न्हाय."

गंगम्मानं ताटात तांदूळ घेतले, इरकली खण घेतला, नारळ, सुपारी, हळकुंड ठेवलं. शिवाय फडक्यात बांधून होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या. कुंकवाचा करंडा हातात घेतला आणि समजून पुन्हा कोनाड्यात ठेवला. महालिंगप्पांनाही तिनं ओढून काढलं. "तुमी बी चला. पोर तुमची बी हाय." अशी तिघांची वरात नाक्यामागच्या घराकडं निघाली. पुस्तक परत पाठवायचं म्हणून जगदेवीनं काखेत मारलं होतं.

फरिदाबी प्रवासानं शिणल्या होत्या, पण जगदेवीला पाहून त्यांचा शीण कुठल्या कुठं पळाला. "आलं का पुस्तक? आलं? बस, बस, महालिंगप्पाभाई, तुम्ही पण बसा." तेवढ्यात त्यांची नजर ताटाकडं गेली. "हे काय गंगम्मा? सण आहे का आज?"

गंगम्मानं सांगितलं. कॉलेज जमत नाही, अक्कलकोटला निरोप जायचाय, शिकवणी संपली, म्हणून ओटी.  फरिदाबींनी नवऱ्याकडं पाहिलं. शब्बीरमियाँ नाक्यावर जायला निघालेले, ते दारातच थांबले.

"जमत नाही? कोण बोललं?" फरिदाबींनी विचारलं.

"मीच वाचलं, खाला," जगदेवी खाली मान घालून म्हणाली.

आता दुसरी कुणी असती तर तिनं पुस्तक ओढून घेतलं असतं. फरिदाबींनी तसं केलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळाच आनंद आला. "माझी पोर आपल्या आपण वाचली? मग मला ऐकव की! शिकवणी संपायच्या आधी एवढं तरी ऐकू दे."

जगदेवीला ते नको होतं. आपल्याच फजितीचं पारायण करायला कुणाला आवडेल? पण खालांचा शब्द मोडवेना. ती बाजेवर त्यांच्या शेजारी बसली, पान उघडलं आणि बोट ठेवलं.

फरिदाबींनी तिच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. त्या बोटाकडं पाहत होत्या. पहिला शब्द, दुसरा शब्द, बोट बरोबर उजवीकडून डावीकडं सरकत होतं, आणि तरी ते सबंध बोट पानाच्या भलत्याच अंगाला होतं. तारा आला, खालची ओळ आली. जगदेवी थांबली.

"आणि ह्याच्या आधी?" फरिदाबींनी हळूच विचारलं.

"ह्याच्या आधी काय न्हाय, खाला. कड हाय."

फरिदाबींनी तिचं बोट चिमटीत धरून उचललं. पानावरून आडवं नेलं आणि उजवीकडच्या खान्यावर, वरच्या पहिल्या विषयाखाली ठेवलं.

"इथून, बेटी. शब्द उजवीकडून, तर खाने पण उजवीकडून. हे पहिलं साल. कुठं आहे तारा?"

जगदेवी बघत राहिली. उजवीकडच्या खान्यात एकही तारा नव्हता. कीमिया, नबातात, हयवानात, तबीआत. खालांनी एकेकाचा अर्थ सांगितला: रसायन, झाडांचं शास्त्र, प्राण्यांचं शास्त्र, पदार्थविज्ञान. मॅट्रिक झालेली कुणीही मुलगी ते घेऊ शकत होती. ते पहिल्या साली पास झालं की दुसऱ्या सालातले ताऱ्यांचे विषय आपोआप मोकळे. आणि ते दोन्ही झाले की डॉक्टरीचं दार.

"तो तारा आडवायला न्हाय?" जगदेवीनं विचारलं. 

"तारा बोलतो, आधी हे शीक, मग माझ्याकडं ये. पायरी आहे ती. तू वरच्या पायरीवर पाय टाकायला निघाली आणि बोलते, जिना नाही."

"या अल्ला!" शब्बीरमियाँ दारातून म्हणाले. "नाक्यावर रोज सोलापूरचे व्यापारी आमचे कागद असेच उलटे धरतात. मी रोज हसतो. आज नाही हसणार."

त्यावर फरिदाबीच आधी हसल्या, आणि हसता हसता रडल्या. "चूक माझी. मी पोरीला अक्षर शिकवलं, शब्द शिकवला. तक्ता शिकवलाच नाही. माझ्या ध्यानातच नाही आलं की ही गोष्ट पण शिकवावी लागते."

महालिंगप्पा पानावर वाकले. दोन बोटांत अर्धी सुपारी तशीच धरलेली. "फरिदाबी, मला एक सांगा. हे आकडे कसले? एका इषयाला सा, एकाला तीन?"

"तास, भाई. आठवड्यात किती तास शिकायचं ते. भारी विषयाला जास्त, हलक्याला कमी. सगळे मिळून भरले पाहिजेत. आणि हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत."

"मंजे माप पुरं भरलं पायजे. वर शीग नसली तरी चालंल, पन माप कमी न्हाय."

"हौ, बराबर."

"मग हे आपल्याला समजतंय," महालिंगप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते त्या पुस्तकाकडं आपलं माणूस पाहावं तसं पाहू लागले. मग लेकीकडं वळून घसा खाकरला. "अट मी घातली व्हती. ती तू पाळलीस. आता माजी पाळायची बारी. अक्कलकोटला निरोप जाईल, पन दुसरा जाईल."

जगदेवी त्यांच्या पायाशी वाकली ती तशीच बसून रडली. काय आनंद झाला म्हणून सांगावं! जे गेलं म्हणून रात्रभर उशी भिजवली होती ते कुणी नेलंच नव्हतं. पानाच्या दुसऱ्या कडेला ते तिची वाट बघत बसलं होतं.

गंगम्मा ताट घेऊन पुढं झाली. "आता तर वटी भरतेच. पदर धरा, फरिदाबी."

फरिदाबींनी ओढणी पुढं केली नाही. ताट दोन्ही हातांनी अडवलं. "नक्को. शिकवणी संपली म्हणून आणली ना ही ओटी? शिकवणी संपलीच नाही. पोर डॉक्टर होऊन येईल, त्या दिवशी ती भरेल माझी ओटी. त्या दिवशी मी दोन्ही हातांनी पदर धरीन. आज फक्त होळग्या ठेवा. त्या मी सोडणार नाही."

अर्ज त्याच दुपारी भरला गेला. टपालानं तो वेळेत पोचणार नव्हता, पण हैदराबादला जाणारी प्रत्येक मोटार शब्बीरमियाँच्या नाक्यावर थांबल्याशिवाय पुढं जात नव्हती. त्यांनी ड्रायव्हरला चहा पाजला, ओळखीच्या एका मुसाफिराच्या हातात पाकीट दिलं आणि आपल्या मेव्हण्याचा पत्ता सांगितला. मेव्हण्यानं दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात स्वतः नेऊन दिलं. पुढं महालिंगप्पा लेकीला सोडायला गेले तेही त्याच मेव्हण्याच्या घरी उतरले. वेगळी चूल मांडून, सकाळी इष्टलिंगाची पूजा करून, आणि दुपारी त्यांच्याच अंगणात निवांत घोरून.

पुढची वर्षं सोपी गेली असं नाही. उर्दूच्या पेपराला जगदेवी काठावर पास झाली. कीमियानं तिला रडवलं. दर सुट्टीत ती गावी आली की महालिंगप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला, "माप भरलं का?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती लिंबाखाली, खालांच्या शेजारी, नवं पुस्तक घेऊन. आता ती शिकवायची आणि खाला ऐकायच्या. मेंढीच्या काळजाला किती कप्पे असतात हे ऐकून फरिदाबींनी दोन दिवस मटण खाल्लं नव्हतं.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. आधी रझाकारांचे दिवस, मग फौजा आल्या ते दिवस. या भागात त्या दिवसांत कुणावर काय गुदरलं ते इथं उगाळत बसत नाही. ज्यांनी सोसलं ते सोसून आहेत. एवढं मात्र सांगायलाच हवं की फौजा आल्या त्याच दिवशी महालिंगप्पा नाक्यामागच्या घरी गेले आणि म्हणाले, "माज्या घरात ऱ्हायचं. मी दारात बसतो." आणि ते बसले. कुणी त्यांना बाजूला सारून आत गेलं नाही. निवल्यावर शब्बीरमियाँ आभार मानू लागले तर महालिंगप्पांनी त्यांचा हात धरला. "त्या दिवशी तुमच्या बाजंवर माज्या पोरीचा जन्म दुसऱ्यांदा झाला. मी आभार मानलं व्हतं का?"

निजामाचं राज्य गेलं तसा करोडगिरीचा नाकाही उठला. मुलूखच एक झाला, मग जकात कुणाकडून घेणार? शब्बीरमियाँ महालिंगप्पांच्या दुकानात हिशेब लिहू लागले. नाक्याची ती दोन खणांची दगडी खोली ओस पडली.

पुढच्या वर्षी जगदेवी डॉक्टर होऊन आली, आणि तिनं दवाखान्याला मागून घेतली ती हीच खोली. बायकांना सोयीची, रस्त्यावरची, आणि मागच्या दारानं खालांच्या अंगणात उघडणारी.

उघडायच्या दिवशी सकाळी ती आधी मागच्या दारानं गेली. ताट तेच, रीतही तीच. फक्त या वेळी ते तिच्या हातात होतं आणि गंगम्मा मागं उभी होती. फरिदाबी थकल्या होत्या, केस पिकले होते. ताट पाहताच त्या उठून उभ्या राहिल्या आणि ओढणी दोन्ही हातांनी पुढं धरली. जगदेवीनं तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला. काय काय बोलायचं ते तिनं हैदराबादहून येताना वाटेत जुळवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

"खाला, तुमी नसता तर..." एवढंच झालं.

"चूप," फरिदाबी म्हणाल्या. ओटीतून चिमूटभर तांदूळ त्यांनी रीतीप्रमाणं परत ताटात टाकले. ती रीत त्यांना कुणी शिकवली होती कोण जाणे. "पेशंट बघ आता. पहिली मीच. खोकला जात नाही."

दोघी समोरच्या अंगाला आल्या. दवाखान्याची पाटी अजून टांगायची होती. भिंतीला टेकवून ठेवलेली, ओल्या रंगाचा वास येत असलेली. मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं: डॉ. जगदेवी महालिंगप्पा. जळकोटात इतकी वर्षं काढून फरिदाबींना मराठी अक्षर येत नव्हतं, कधी गरजच पडली नव्हती. पण पाटी कुणाच्या नावाची हे त्यांना ठाऊक होतं आणि ती वाचायची तर त्यांना होतीच. त्या पाटीपुढं उकिडव्या बसल्या, डोळे बारीक केले, आणि उजव्या टोकाच्या शेवटच्या अक्षराखाली बोट ठेवलं.

जगदेवी त्यांच्या शेजारी बसली. तिनं ते सुरकुतलेलं बोट चिमटीत धरून उचललं, पाटीवरून आडवं नेलं आणि डावीकडच्या पहिल्या अक्षराखाली ठेवलं.

"इथनं, खाला," ती म्हणाली. "अक्षर पळून न्हाय जात. ठेवा बोट."